सूक्ष्माक्षरी मजकूर

सूक्ष्माक्षरी मजकूर म्हणजे युनिकोड या जागतिक वर्णसंकेत प्रणालीतील, दिसायला लहान असलेले वर्ण वेचून रचलेला मजकूर होय. समाजमाध्यमांवरील परिचय, संदेश, टिप्पण्या आणि ऑनलाइन खेळांतील टोपणनावे यांत तो प्रामुख्याने आढळतो. इंग्रजीत त्यास ‘टायनी टेक्स्ट’ किंवा ‘स्मॉल टेक्स्ट’ असे म्हणतात. त्याची तीन रूपे रूढ आहेत. पहिल्यात अक्षरे ओळीच्या वरच्या अंगाला चढवलेली असतात. यास सुपरस्क्रिप्ट म्हणतात. दुसऱ्यात ती ओळीखाली उतरवलेली असतात. हे सबस्क्रिप्ट होय. तिसऱ्या रूपात कॅपिटल अक्षरांचीच घडण, पण उंची मात्र लहान अक्षरांएवढी असते. मुद्रणव्यवसायात यास स्मॉल कॅप्स हे नाव आहे.

असा मजकूर तयार करून देणारी अनेक संकेतस्थळे व मोबाइल अ‍ॅप उपलब्ध असून ती स्वतःस बहुधा ‘फॉन्ट जनरेटर’ म्हणवून घेतात. हे नाव दिशाभूल करणारे आहे. फॉन्ट बदलल्यास अक्षर तेच राहते, केवळ त्याचे रूप बदलते. सूक्ष्माक्षरी मजकुरात मूळ अक्षर काढून त्याच्या जागी सर्वस्वी वेगळे अक्षर ठेवलेले असते. वाचणाऱ्याच्या डोळ्यास दोन्ही सारखीच वाटली, तरी संगणकाच्या दृष्टीने त्यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. या मजकुराची उपयुक्तता आणि त्यातून उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच गोष्टीतून निर्माण होतात.

अक्षरांचा उगम

युनिकोडमध्ये लहान अक्षरांची सलग व संपूर्ण वर्णमाला सजावटीसाठी कधीच तयार करण्यात आली नाही. जी अक्षरे आज उपलब्ध आहेत ती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या अभ्यासकांच्या गरजेपोटी, सुटीसुटी समाविष्ट झाली. इंग्रजी ‘टायनी’ हाच शब्द सुपरस्क्रिप्टमध्ये लिहिला तर ही बाब स्पष्ट होते. त्यातील चार अक्षरे युनिकोडच्या तीन निरनिराळ्या विभागांतून आणावी लागतात.

त्यांपैकी ‘एन’ हे गणितातील घातांकाचे चिन्ह आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या मूळ वर्णसंचात ते होते आणि जुन्या मजकुराशी सुसंगतता राहावी म्हणून युनिकोडने ते जसेच्या तसे घेतले. ‘आय’ त्याच्याच विभागात असूनही २००२ सालच्या ३.२ आवृत्तीत दाखल झाले. ‘वाय’ हे ध्वनिलेखनातील चिन्ह असून अमेरिकेतील भाषाशास्त्रीय परंपरेत ते व्यंजनाचे तालव्यीकरण दर्शवते. ‘टी’ हे मात्र २००३ सालच्या ४.० आवृत्तीत, युरालिक भाषांच्या अभ्यासकांसाठी समाविष्ट झालेल्या मोठ्या संचातून येते.

हा शेवटचा संच सूक्ष्माक्षरी मजकुराचा खरा कणा होय. फिनिश भाषाशास्त्रज्ञ एमिल नेस्टर सेटॅला यांनी १९०१ साली फिनिश, हंगेरियन, सामी इत्यादी भाषांच्या उच्चारांची नोंद करण्यासाठी एक ध्वनिलेखन पद्धती मांडली. उच्चारातील अत्यंत सूक्ष्म भेद दाखवण्यासाठी या पद्धतीत स्मॉल कॅप्स, वर चढवलेली आणि खाली उतरवलेली अक्षरे मुक्तपणे वापरली जातात. या पद्धतीतील जुने ग्रंथ व शब्दसंग्रह संगणकावर आणता यावेत म्हणून युनिकोडने ‘फोनेटिक एक्स्टेन्शन्स’ हा विभाग निर्माण केला. उत्तर युरोपातील बोलींच्या नोंदीसाठी आलेली अक्षरे आज परिचयाच्या ओळी सजवण्यास वापरली जातात, हा वर्णसंकेतनाच्या इतिहासातील एक अनपेक्षित फाटा म्हणावा लागेल.

दुसरा मोठा स्रोत आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा आहे. तिच्यात वर चढवलेला ‘एच’ महाप्राणत्व दाखवतो. मराठीतील क आणि ख किंवा प आणि फ यांच्यातील भेद या चिन्हाने लिहिला जातो. वर चढवलेला ‘डब्ल्यू’ ओष्ठ्यीकरण आणि ‘जे’ तालव्यीकरण सुचवतो. स्मॉल कॅप्समधील ‘जी’, ‘एन’, ‘आर’ ही अक्षरे घशाच्या मागील भागात, पडजिभेपाशी उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनींची चिन्हे आहेत. ‘एफ’ आणि ‘एस’ यांची स्मॉल कॅप्स रूपे मध्ययुगीन हस्तलिखितांच्या अभ्यासकांच्या मागणीवरून २००८ साली ५.१ आवृत्तीत आली.

उणी अक्षरे

अक्षरे अशी गरजेनुसार आल्यामुळे संचांमध्ये खिंडारे राहिली. ज्या अक्षराची कोणत्याही अभ्यासकास गरज भासली नाही ते अक्षर आलेच नाही. ‘क्यू’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याचे वर चढवलेले लहान रूप २०२१ सालच्या १४.० आवृत्तीपर्यंत अस्तित्वात नव्हते, त्यामुळे तोपर्यंतची रूपांतरक साधने त्या जागी साधा ‘क्यू’ ठेवून देत. स्मॉल कॅप्समधील ‘क्यू’ २०१८ साली ११.० आवृत्तीत मिळाला. स्मॉल कॅप्समधील ‘एक्स’ तर आजही साध्या लहान ‘एक्स’नेच भागवला जातो.

सबस्क्रिप्टची स्थिती अधिक दुर्बळ आहे. शून्य ते नऊ हे अंक आणि अधिक, उणे, बरोबर, कंस ही चिन्हे पूर्ण आहेत, कारण रासायनिक सूत्रांत व गणितात ती लागतात. अक्षरांपैकी काही २००३ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने आली. परंतु बी, सी, डी, एफ, जी यांसारखी नित्याची अक्षरे त्यांत नव्हती. म्हणून ओळीखाली उतरवलेला मजकूर लिहिताना शब्द मध्येच मोठा होतो. हा दोष साधनाचा नसून मूळ संचाचा आहे.

वर चढवलेले एक, दोन आणि तीन हे अंक उरलेल्या अंकांपासून वेगळ्या विभागात आहेत, कारण ते पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या आठ-बिटी मानकात आधीपासून होते. अनेक फॉन्टांत हे तीन अंक इतरांपेक्षा किंचित वेगळ्या उंचीवर किंवा जाडीत दिसतात. फोन क्रमांक वा जन्मवर्ष लहान अंकांत लिहिल्यास ही विसंगती लगेच नजरेस येते.

रूपांतरकाची कार्यपद्धती

रूपांतरक साधनाचे काम साधे असते. त्यात एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात साधे अक्षर, उजव्या रकान्यात त्याचे लहान रूप. वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुरातील प्रत्येक अक्षर तक्त्यात शोधून बदलले जाते आणि जे सापडत नाही ते तसेच सोडले जाते. तयार मजकूर नकलून हव्या त्या ठिकाणी चिकटवता येतो. सुपरस्क्रिप्टमध्ये काही कॅपिटल अक्षरे दीर्घकाळ उपलब्ध नसल्याने बहुतेक साधने कॅपिटल व लहान हा भेद मिटवून टाकतात.

वाचणाऱ्याच्या उपकरणावरील फॉन्टमध्ये ते अक्षर नसेल तर दुसऱ्या फॉन्टमधून ते उसने घेतले जाते. तेथेही नसल्यास रिकामी चौकट दिसते. या चौकटीस संगणक क्षेत्रात गमतीने ‘टोफू’ म्हणतात आणि गूगलच्या ‘नोटो’ या फॉन्टसमूहाचे नाव ‘टोफू नको’ या कल्पनेवरून पडले आहे. नव्याने आलेला ‘क्यू’ जुन्या मोबाइलवर हमखास चौकट होऊन दिसतो.

वापर

समाजमाध्यमांच्या परिचयाच्या रकान्यात अक्षरांचा आकार बदलण्याची सोय सहसा नसते. इन्स्टाग्रामवर परिचयासाठी १५० वर्णांची मर्यादा आहे व त्यात ठळक वा तिरपे अक्षरही करता येत नाही. मजकुराला वेगळेपण देण्याची ही अडचण सूक्ष्माक्षरांनी दूर होते, कारण आकार अक्षरातच अंगभूत असतो. मात्र इन्स्टाग्रामचे वापरकर्तानाव फक्त साधी अक्षरे, अंक, पूर्णविराम आणि अधोरेषा यांचे असावे लागते. म्हणून सूक्ष्माक्षरे केवळ दर्शनी नावात आणि परिचयात आढळतात.

सजावटीखेरीज या मजकुराला एक भाषिक कार्यही प्राप्त झाले आहे. टम्बलरसारख्या माध्यमांवर लहान अक्षरे पुटपुटण्याचा स्वर सुचवू लागली. मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे असा संकेत ऑनलाइन लेखनात जुना आहे. त्याच्या उलट टोकाला लहान अक्षरांनी संकोच, स्वगत, कंसातील शेरा किंवा लटकी नम्रता व्यक्त होते. नाटकाच्या संहितेत ‘हळू आवाजात’ अशी रंगसूचना जे काम करते, तेच येथे अक्षराचा आकार करतो.

खेळांतील टोपणनावांत कारण वेगळे आहे. हवे असलेले नाव आधीच कोणीतरी घेतलेले असते. स्मॉल कॅप्समध्ये तेच नाव लिहिले की यंत्रणेला ते नवे वाटते. संघाचे संक्षिप्त नाव लहान अक्षरांत आणि खेळाडूचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्याची प्रथाही दिसते.

देवनागरी व मराठी

देवनागरीत कॅपिटल व लहान अक्षरे असा भेदच नाही आणि ध्वनिशास्त्रज्ञांनी तिची उंचावलेली वा उतरवलेली अक्षरे मागितली नाहीत. त्यामुळे मराठी मजकूर सूक्ष्माक्षरांत बदलण्याचा तक्ता तयार होऊ शकत नाही. मराठी नाव दिले असता रूपांतरक साधने ते जसेच्या तसे परत देतात. तक्ता असता तरी काम सोपे झाले नसते. रोमन लिपीत एकास एक अक्षर बदलता येते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे ही शेजारच्या व्यंजनाशी मिळून फॉन्टमध्ये घडतात, म्हणजे प्रत्येक लहान व्यंजनासाठी त्याच्या सर्व स्वरचिन्हांची व जोडण्यांची वेगळी घडण करावी लागली असती.

याला एक उल्लेखनीय अपवाद आहे. युनिकोडच्या ‘देवनागरी एक्स्टेंडेड’ विभागात २००९ सालच्या ५.२ आवृत्तीपासून शून्य ते नऊ हे अंक आणि अ, उ, क, न, प, र, वि ही अक्षरे, तसेच अवग्रह, यांची चिमुकली रूपे आहेत. ती सामवेदाच्या स्वरांकनासाठी आहेत. सामगायनाच्या पोथ्यांत मंत्राच्या अक्षरांवर स्वरदर्शक अंक व अक्षरे लिहिण्याची परंपरा आहे आणि ही चिन्हे आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसतात. ती स्वतंत्रपणे ओळीत उभी राहू शकत नसल्याने त्यांनी शब्द लिहिता येत नाही.

मराठी वापरकर्ते म्हणूनच दोन मार्ग अवलंबतात. एक म्हणजे नाव रोमन लिपीत लिहून ते बारीक करणे. दुसरा म्हणजे देवनागरी नाव तसेच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस शोभेची चिन्हे लावणे. यासाठी भारतात विशेष लोकप्रिय झालेली, पंखासारखी दिसणारी जोडी ही वास्तविक जावानीज लिपीतील ‘रेरेंग्गान’ नावाची विरामचिन्हे असून तिचा मूळ उपयोग शीर्षकाच्या दोन्ही बाजूंस लावण्यासाठी आहे. येथे तिचे काम फारसे बदललेले नाही.

वर्णमर्यादा व आकारमान

सूक्ष्माक्षरे दिसायला कमी जागा घेतात, परंतु मोजणीत ती जास्त भरतात. यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित संकेतनात साध्या रोमन अक्षरास १ बाइट लागतो. वर चढवलेल्या ‘एच’ला २, ‘टी’ला ३, तर नव्या ‘क्यू’ला ४ बाइट लागतात. देवनागरी अक्षरासही ३ बाइट लागत असल्याने मराठी वाचकांस हा भार नवा नाही.

ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, याच्या २८० वर्णांच्या मोजणीत रोमन, देवनागरी आणि आणखी काही लिपींच्या वर्णांस प्रत्येकी एक गुण धरला जातो, तर उर्वरित बहुतेक वर्णांस दोन. या नियमाने साधा ‘टायनी’ हा रोमन शब्द चार भरतो. तोच सुपरस्क्रिप्टमध्ये सात भरतो, कारण त्यातील केवळ ‘वाय’ हा एकेरी मोजणीच्या पट्ट्यात येतो.

साध्या एसएमएसमध्ये फरक अधिक खर्चिक ठरतो. जीएसएमच्या मूळ वर्णसंचात लिहिलेला संदेश १६० वर्णांचा असू शकतो. त्यात एकही बाहेरचा वर्ण आला तर संपूर्ण संदेश १६ बिटांच्या संकेतनात पाठवला जातो व मर्यादा ७० वर आदळते. मराठी एसएमसला हीच ७० वर्णांची मर्यादा असते. इंग्रजी संदेशात शोभेसाठी घातलेले एक लहान अक्षर एका संदेशाचे दोन वा तीन संदेश करू शकते.

शोध व सामान्यीकरण

लहान अक्षरांत लिहिलेले नाव साध्या अक्षरांनी शोधल्यास ते सापडेलच याची शाश्वती नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी युनिकोडने सामान्यीकरणाच्या पद्धती ठरवून दिल्या आहेत. त्यांतील एनएफकेसी ही पद्धत वर चढवलेल्या वा खाली उतरवलेल्या अक्षराचे रूपांतर मूळ साध्या अक्षरात करते. स्मॉल कॅप्सना मात्र ती हात लावत नाही. युनिकोडच्या दृष्टीने स्मॉल कॅप्समधील ‘ए’ हे ‘ए’चे दुसरे रूप नसून स्वतंत्र ध्वनिचिन्ह आहे. एकदा निश्चित झालेले सामान्यीकरण पुढे बदलायचे नाही असे धोरण असल्यामुळे या अक्षरांची ही स्थिती कायम राहणार आहे.

या भेदाचा गैरफायदा दोन प्रकारे घेतला जातो. शिवीगाळ किंवा फसव्या जाहिराती गाळणाऱ्या यंत्रणा ठरावीक शब्द शोधतात. तेच शब्द स्मॉल कॅप्समध्ये लिहिले की चाळणीतून निसटू शकतात. दुसरा प्रकार तोतयेगिरीचा. सी, ओ, व्ही, डब्ल्यू, झेड यांची स्मॉल कॅप्स रूपे साध्या लहान अक्षरांहून जवळपास ओळखू न येण्याइतकी सारखी असल्याने, एखाद्या परिचित नावातील एकच अक्षर बदलून दुसरे खाते उघडता येते. अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची यादी युनिकोड सुरक्षाविषयक मानकासोबत प्रसिद्ध करते. ती वापरायची की नाही हे प्रत्येक सेवेवर अवलंबून राहते.

स्पॉटिफाय प्रकरण

सूक्ष्माक्षरांमुळे घडलेली सर्वांत बोधक सुरक्षात्रुटी २०१३ साली स्पॉटिफाय या संगीतसेवेत उघडकीस आली. कंपनीच्या अभियंत्यांनी ती स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली. सेवेत कोणत्याही लिपीतील वापरकर्तानाव चालत असे आणि दोन सारखी नावे नोंदली जाऊ नयेत म्हणून प्रत्येक नाव आधी एका प्रमाण रूपात आणले जाई. त्यात कॅपिटल अक्षरांची लहान अक्षरे करणे आणि एनएफकेसी सामान्यीकरण या दोन पायऱ्या होत्या.

‘बिगबर्ड’ हे साध्या लहान अक्षरांतील खाते बळकवायचे आहे असे मानू. हल्लेखोर तेच नाव वर चढवलेल्या कॅपिटल अक्षरांत नोंदवी. लहान अक्षरे करण्याचा तक्ता युनिकोड ३.२ वर आधारलेला होता, तर ही अक्षरे ४.० आवृत्तीतील, त्यामुळे पहिली पायरी त्यांना ओळखत नसे व तशीच सोडून देई. दुसरी पायरी त्यांचे रूपांतर साध्या कॅपिटल अक्षरांत करी. परिणामी प्रमाण रूप कॅपिटल ‘बिगबर्ड’ असे तयार होई. हे नाव आधीच्या खात्याहून वेगळे असल्याने नोंदणी मान्य होई. त्यानंतर हल्लेखोर नव्या खात्याचा संकेतशब्द बदलण्याची मागणी करी व दुवा त्याच्याच ईमेलवर येई. तो दुवा वापरताना यंत्रणा नावास पुन्हा एकदा प्रमाण रूपात आणी. या वेळी कॅपिटल अक्षरांची लहान अक्षरे होत आणि बदललेला संकेतशब्द मूळ मालकाच्या खात्यास लागू पडे.

प्रमाण रूप काढण्याची क्रिया कितीही वेळा केली तरी उत्तर तेच यावयास हवे, ही मूलभूत अट येथे मोडली होती. वापरलेल्या मानकानुसार ३.२ आवृत्तीत नसलेले वर्ण नाकारले जाणे अपेक्षित होते. परंतु पायथॉन या आज्ञावली भाषेची आवृत्ती बदलल्यावर नकाराची ही पायरी निष्प्रभ झाली होती. त्रुटी कळताच कंपनीने नवी नोंदणी व संकेतशब्द बदलण्याची सोय तात्पुरती बंद करून दुरुस्ती केली. संगणक सुरक्षेच्या लेखनात हे उदाहरण आजही दिले जाते.

दृष्टिबाधितांची अडचण

दृष्टिबाधित व्यक्ती मोबाइल व संगणक वापरताना पडदावाचक आज्ञावलीवर विसंबून असतात. एनव्हीडीए, जॉज, व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक ही त्यांतील परिचित नावे. पडदावाचकास अक्षराचे रूप दिसत नाही, फक्त संकेतांक मिळतो. सूक्ष्माक्षरी शब्द आला की काही वाचक तो गाळून पुढे जातात, काही एकेक अक्षर सुटे उच्चारतात, तर काही प्रत्येक चिन्हाचे लांबलचक अधिकृत नाव सांगतात. चार अक्षरांच्या शब्दासाठी ऐकणाऱ्यास चार तांत्रिक वर्णने ऐकावी लागतात. नावापुरते हे घडले तर गैरसोय होते. पण कार्यक्रमाचे स्थळ, मदतीचा क्रमांक किंवा ऑर्डर देण्याची सूचना अशा अक्षरांत लिहिली असेल तर ती माहिती त्या वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

एनव्हीडीएच्या २०२४.३ आवृत्तीत मजकूर वाचण्यापूर्वी त्याचे युनिकोड सामान्यीकरण करण्याचा पर्याय देण्यात आला. त्याने वर चढवलेली अक्षरे साध्या अक्षरांप्रमाणे वाचली जाऊ शकतात. स्मॉल कॅप्सचा प्रश्न वर सांगितलेल्या कारणास्तव यानेही सुटत नाही.

मंददृष्टी आणि वयस्क वाचकांची अडचण याहून साधी आहे: मूळ अक्षर लहान असल्याने पडदा मोठा केल्यावरही ते शेजारच्या मजकुराच्या तुलनेत लहानच राहते. जाहिरातींच्या संदर्भात यास व्यावहारिक महत्त्व आहे. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सशुल्क मजकुरावरील सूचना सामान्य ग्राहकाच्या नजरेतून सुटणार नाही अशी ठळक असावी लागते. सूक्ष्माक्षरांत लिहिलेली ‘जाहिरात’ अशी सूचना या अपेक्षेशी सुसंगत मानता येत नाही.

पर्यायी पद्धती

जेथे मांडणीच्या खुणा वापरता येतात तेथे आकाराचे काम खुणांकडे सोपवणे योग्य समजले जाते. एचटीएमएलमध्ये मजकूर वर चढवणे, खाली उतरवणे व लहान करणे यांसाठी स्वतंत्र खुणा आहेत आणि सीएसएसने साध्या अक्षरांना स्मॉल कॅप्सचे रूप देता येते. अक्षर मात्र मूळचेच राहते. रेडिटवर घातचिन्हाने शब्द वर चढवता येतो. डिस्कॉर्डने २०२४ साली ओळीच्या आरंभी उणे आणि हॅश ही चिन्हे देऊन संपूर्ण ओळ बारीक करण्याची सोय केली. ही खूण कोणत्याही लिपीला लागू होत असल्याने तेथे मराठी ओळही लहान अक्षरांत लिहिता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर तारकांनी ठळक व अधोरेषांनी तिरपा मजकूर करता येतो आणि तो देवनागरीतही चालतो, परंतु अक्षरांचा आकार कमी करण्याची खूण त्यात नाही.